ग्राफ आहे, पण बघतंय कोण? (परफॉर्मन्स ट्रॅक करणाऱ्या टूलबद्दल सल्ला हवाय)

रेषावेडा

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा एक ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, पार्सर लायब्ररी (फाइल वाचून तिची रचना उलगडणारी), पाच-सहा जण मिळून फावल्या वेळात सांभाळतो. तिचा स्पीड कमिटागणिक, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलागणिक, कसा बदलतोय हे बघायला एक वेब टूल फार पूर्वी कुणीतरी उभं करून ठेवलंय. कोडस्पीड ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल, २०१० च्या सुमारास पायपायसाठी (पायथॉनची एक वेगवान आवृत्ती) जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं ते, त्याच्यावरूनच घेतलंय. रोज रात्री बेंचमार्क (वेग मोजायच्या ठरावीक चाचण्या) चालतात, स्क्रिप्ट सर्व्हरला आकडे पोस्ट करते, कमिट कुठला, ब्रँच (कोडची समांतर शाखा) कुठली, मशीन कुठलं, बेंचमार्क कुठला आणि सेकंद किती लागले, की झालं रेघेवर एक टिंब वाढलं.

प्रॉब्लेम असा की ते कुणी बघतच नाही. मीसुद्धा नाही. आदल्या रनपेक्षा ५% च्या वर फरक पडला की लाल अक्षरात मेल येतो आणि तो जवळपास रोज येतो, त्यामुळे सगळ्यांनी फिल्टर लावून तो परस्पर कचऱ्यात टाकलाय. गेल्या रिलीजनंतर एका युजरने येऊन सांगितलं की मोठ्या फाइली पार्स करायला आता कितीतरी जास्त वेळ लागतोय, मी जाऊन ग्राफ उघडला तर रेघ तीन महिन्यांपूर्वीच वर चढलेली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलेली. टूल बिचारं ओरडत होतं, आम्हीच कानात बोळे घातलेले. फार ओशाळल्यासारखं झालं.

आता ते सुधारायचं मनावर घेतलंय. माझ्या डोक्यात सध्या एवढं आहे: डार्क थीम, ग्राफ नव्या लायब्ररीत काढणं, मोबाइलवर नीट दिसणं, ड्रॉपडाउनवाले फिल्टर. आणखी काय करता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कंटाळासम्राट

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असंच एक पडीक पान आहे.

जुना खिळा

डार्क थीमवर लाल रंग आणखी उठून दिसेल, बाकी काही फरक पडणार नाही.

अहो तुमचं दुखणं दिसण्यात नाहीये, भरवशात आहे. रोज लांडगा आला म्हणून ओरडलं तर खरा आला त्या दिवशी कोण उठणार? एकूण बेंचमार्क किती आहेत तुमचे?

रेषावेडा

४०.

जुना खिळा

मग हिशोब करून बघा. समजा एकेक बेंचमार्क कोडमध्ये काहीही न बदलता, निव्वळ मशीनच्या लहरीने, शंभरातल्या पाच रात्री ती ५% ची रेषा ओलांडतो. फार नाही वाटत ना? पण ४० च्या ४० गप्प राहण्याची शक्यता ०.९५ चा ४० वा घात, म्हणजे साधारण ०.१३. राहिलेल्या ८७% रात्री कुठला ना कुठला बेंचमार्क बोंब मारणारच. तुमचा मेल रोज का येतो याचं उत्तर एवढंच आहे, त्यात कोडचा काही दोष नाही.

आणि गंमत म्हणजे तोच थ्रेशोल्ड, म्हणजे ती ५% ची मर्यादा, उलट्या बाजूनेही फसवतो. कुणी १% स्लो केलं, पुढच्याने आणखी १%, असे दहा कमिट झाले की १०.५% गेले, आणि मेल एकही आला नाही, कारण तुम्ही तुलना फक्त आदल्या रनशी करताय. थेंबे थेंबे तळे साचे, फक्त तळं नको त्या गोष्टीचं. तुलना निदान मागच्या रिलीजशी तरी करा, आणि एका टिंबाशी नको, मागच्या पंधरा-वीस टिंबांच्या पट्ट्याशी करा.

सूक्ष्मदर्शी

खिळेभाऊंशी सहमत, पण त्याच्याही आधीचा प्रश्न, हे चालतं कुठे? क्लाउडवरच्या शेअर्ड मशीनवर चालत असेल तर गणित कितीही लावा, शेजारच्या व्हीएमवर (त्याच हार्डवेअरवरच्या दुसऱ्या कुणाच्या आभासी मशीनवर) काय चाललंय ते तुमच्या ग्राफवर उमटणार.

स्वतःचं मशीन असलं तरी सुटका नाही. टर्बो बूस्ट (सीपीयूचा तात्पुरता जादा वेग) चालू असेल तर सीपीयू गार असताना पळतो आणि तापला की दम खातो, म्हणजे यादीतले पहिले चार बेंचमार्क आपोआप फास्ट. गव्हर्नर (सीपीयूची फ्रिक्वेन्सी ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर नसेल तर फ्रिक्वेन्सी वरखाली. पायथॉनवाल्यांचं पायपर्फ हे बेंचमार्कचं टूल आहे त्यात सिस्टिम ट्यून करायची कमांडच दिलीय, ती या बऱ्याचशा गोष्टी एका फटक्यात लावते, भाषा कुठलीही असो एकदा वाचून बघा ती काय काय बदलते ते.

२००९ मध्ये एएसपीएलओएस कॉन्फरन्सला एक पेपर आला होता, त्यात दाखवलं होतं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगांचा) एकूण आकार बदलला किंवा ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) लिंक करायचा, म्हणजे जोडायचा, क्रम बदलला तरी तोच प्रोग्राम फास्ट नाहीतर स्लो होतो, कारण स्टॅक आणि कोड मेमरीत जरा इकडेतिकडे सरकतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये युजरनेम पण असतं हे लक्षात घ्या म्हणजे भीती वाटेल. लांब नावाच्या माणसाने मोजलं तर आकडा वेगळा!

कंटाळासम्राट

म्हणूनच मी बेंचमार्क रूट युजरने चालवतो, चारच अक्षरं.

सूक्ष्मदर्शी

😄 ते करू नका, पण वेगळ्या कारणांसाठी.

मांजरपाट

मी थोडं वेगळं सांगते. वेळ मोजायचाच कशाला? इन्स्ट्रक्शन, म्हणजे सीपीयूने पाळलेले एकेक हुकूम, मोजा. रस्ट कंपायलरची जी परफॉर्मन्सची साइट आहे तिथे पान उघडल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या इन्स्ट्रक्शन्स, वॉल टाइम (घड्याळी वेळ), सायकल्स, मेमरी वगैरे हवं असेल तर बदलून बघता येतं. एसक्यूलाइट डेटाबेसवाले कॅशग्राइंड नावाच्या, सीपीयूची नक्कल करणाऱ्या टूलखाली चालवून मोजतात, त्यांनीच लिहिलंय की सात-सात आकड्यांपर्यंत तेच उत्तर पुन्हा येतं, आणि घड्याळाने मोजलं तर पहिल्या आकड्यापुढे धड खात्री नाही. अशी रेघ आखून काढल्यासारखी सरळ येते, ०.२% ची उडी पण डोळ्यात भरते, आणि ते क्लाउडवरसुद्धा चालतं.

जुना खिळा

आणि इन्स्ट्रक्शन तेवढ्याच राहून कॅश मिस (सीपीयूजवळच्या जलद मेमरीत डेटा न सापडणं) दुप्पट झाले तर? युजरला इन्स्ट्रक्शन दिसत नाहीत हो, त्याला घड्याळ दिसतं. डिस्क, लॉक, थ्रेड एकमेकांची वाट बघत बसणं, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. थ्रेड झोपलेला असताना इन्स्ट्रक्शन शून्य, म्हणजे तुमच्या हिशोबाने तो जगातला सगळ्यात फास्ट प्रोग्राम.

मांजरपाट

कॅशग्राइंड कॅशपण सिम्युलेट करतो. पण मान्य, सिम्युलेशन ते सिम्युलेशन. माझं म्हणणं एवढंच की पार्सर आहे, एक थ्रेड, डेटा मेमरीत, तिथे इन्स्ट्रक्शन नव्वद टक्के काम करतील. धागाकर्त्याने दोन्ही ठेवावेत, अलर्ट इन्स्ट्रक्शनवर आणि घड्याळ नुसतं बघायला. जिट (चालता चालता कोड कंपाइल करणं) असेल तर मात्र हे जपून, त्यात सुरुवातीचा वॉर्मअप कधी संपला यावर इन्स्ट्रक्शनही हलतात.

ढ विद्यार्थी

बाळबोध प्रश्न, एकच बेंचमार्क वीस वेळा चालवला तर त्यातला कुठला आकडा टाकायचा? आम्ही सरासरी टाकतो.

सूक्ष्मदर्शी

बाळबोध नाही, यावरून भांडणं झालीयेत. पायथॉनच्या टाइमइट या वेळ मोजायच्या मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की किमान आकडा बघा, बाकीचे जे जास्त आलेत ते बहुतेक दुसऱ्या प्रोसेस मध्ये कडमडल्यामुळे. पायपर्फ मात्र सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दाखवतं. मी मेडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) वापरतो, एखादा रन वेडावाकडा गेला तरी तो ढळत नाही.

पण खरं उत्तर म्हणजे कुठलाच एक टाकू नका, वीसच्या वीस साठवा. कोडस्पीडच्या पद्धतीत ही मोठी उणीव आहे, निकाल म्हणून एक आकडा, सोबत हवं तर किमान, कमाल आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, कच्चे आकडे गेले ते गेलेच. उद्या तुम्हाला मेडियन हवासा वाटला तर जुना इतिहास परत आणणार कुठून? वीस फ्लोट साठवायला जागा ती किती लागते.

रेषावेडा

बाप रे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळं वाचतोय. थीमची कल्पना गुंडाळून ठेवली आहे 🙈

बेंचमार्क आमच्यातल्या एकाच्या घरच्या जुन्या मशीनवर चालतात, त्यावर दुसरं काही चालत नाही असं तो म्हणतो. मग टिंबं एवढी नाचतात का?

जुना खिळा

"असं तो म्हणतो". 🙂

एक करा. वर्षभरापूर्वीचा एखादा रिलीज घ्या, त्याचा बिल्ड (कंपाइल झालेला तयार प्रोग्राम) गोठवून ठेवा, पुन्हा कंपाइलसुद्धा करायचा नाही, आणि रोज रात्री नव्या कोडबरोबर तोही चालवा. त्याची रेघ सपाटच यायला हवी कारण त्यात काहीच बदलत नाहीये. ती हलली तर समजायचं की मशीन हललं. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन-स्पेक्टर या सीपीयूमधल्या सुरक्षा त्रुटी बाहेर आल्या आणि त्यानंतरच्या कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेटांनी सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेली कामं) महाग झाले, तेव्हा आमच्या टीममध्ये दोन दिवस कमिट चाळत बसलेले लोक मी पाहिलेत, साक्षीदार असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की आपला कोड जागच्या जागी आहे.

आणि हे सगळं ग्राफवर दिसलं पाहिजे. कर्नल बदलला, कंपायलर बदलला, मशीन बदललं की तिथे एक उभी रेघ आणि खाली लेबल. सध्या तुमच्या टूलमध्ये मशीनचं नुसतं नाव साठवत असाल, त्याऐवजी प्रत्येक रनबरोबर कर्नलची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, सीपीयू मॉडेल, गव्हर्नर, सगळं आपोआप जमा करा. माणसाने भरायचं ठेवलंत तर तिसऱ्या दिवसापासून कुणी भरणार नाही.

गणपुले_नव्हे

उशिरा आलोय. थ्रेशोल्डच्या जागी चेंज पॉइंट डिटेक्शन बघा. मोंगोडीबी डेटाबेसवाल्यांचा २०२० चा पेपर आहे, त्यांचीही तीच रड होती, थ्रेशोल्डमुळे खोटे अलर्ट ढिगाने. मग त्यांनी ई-डिव्हिझिव्ह नावाची पद्धत लावली. ती दोन टिंबांची तुलना करत नाही, अख्खी मालिका घेऊन विचारते की हिचे कुठे तुकडे पाडले तर अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांचं वाटप खरोखर वेगळं दिसतं. एकटं उडालेलं टिंब ती सहसा सोडून देते, पायरी मात्र पकडते. तुमच्या तीन महिन्यांच्या मुक्कामासारखी पायरी तर नक्कीच. त्याच धर्तीवरचं हंटर नावाचं तयार टूलही आहे, ते आता अपाचेकडे ओटावा नावाने आहे.

एक अडचण आधीच सांगतो. पायरी आहे हे कळायला पायरीनंतरची काही टिंबं यावी लागतात, म्हणजे निकाल तीन-चार रनांनी उशिरा. मर्जच्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायच्या, आधी अडवायला ही पद्धत कामाची नाही.

मांजरपाट

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक टूल इथेच गोंधळ घालतात. ही दोन वेगळी कामं आहेत. इतिहास बघणं हे एक, तिथे उशीर चालतो. मर्जच्या आधी पॅच तपासणं हे दुसरं, तिथे जुन्या आकड्यांशी तुलना करायचीच नाही, त्याच मशीनवर त्याच तासात जुना कोड आणि नवा कोड आलटून पालटून चालवायचा, जुना-नवा-जुना-नवा, म्हणजे मशीन तापलं तर दोघांनाही सारखंच तापलेलं मिळतं. आधी वीस वेळा जुना आणि मग वीस वेळा नवा असं नाही हं, तिथेच सगळे फसतात. एअरस्पीड व्हेलॉसिटीमध्ये, म्हणजे ते एएसव्ही, नमपाय-पांडास या पायथॉन लायब्ररीवाले बेंचमार्कसाठी वापरतात ते, त्यात दोन कमिटांची अशी थेट तुलना करायची वेगळी कमांड आहे. आणि उडी सापडली की मधले कमिट बायसेक्ट करून (निम्मे-निम्मे करत) नेमका गुन्हेगार शोधायची पण आहे.

तुमचं रोज रात्री एकदाच चालतं ना? मग एका टिंबामागे पाच-सात कमिट असणार. टिंबावर क्लिक केलं की आदल्या टिंबापासून या टिंबापर्यंतच्या सगळ्या कमिटांची यादी आली पाहिजे, एकट्या शेवटच्याची नाही. नाहीतर ज्याने रीडमीतली स्पेलिंग मिस्टेक सुधारली त्याच्या नावावर रिग्रेशन (वेग घटवल्याचा ठपका) लागतं. माझ्या नावावर लागलेलं आहे.

कंटाळासम्राट

😂 अनुमोदन. माझ्या नावावर लायसन्स फाइलचं वर्ष बदलल्याबद्दल.

ढ विद्यार्थी

होमपेजवर "एकूण आपण किती फास्ट झालो" असा एक आकडा ठेवावा का? आमच्या मॅनेजरला तोच हवा असतो.

गणपुले_नव्हे

ठेवायचाच असेल तर गुणोत्तरांचा (नवा वेळ भागिले जुना) भूमितीय मध्य घ्या, म्हणजे सगळ्यांचा गुणाकार करून मूळ काढा, साधी सरासरी नको. समजा दोनच बेंचमार्क, एक दुप्पट स्लो झाला, एक दुप्पट फास्ट, गुणोत्तरं २ आणि ०.५. साधी सरासरी १.२५, म्हणजे नवा कोड २५% स्लो. आता उलटं करा, नव्याला पाया धरून जुना मोजा, परत २ आणि ०.५, परत १.२५, म्हणजे जुना पण २५% स्लो! दोघेही एकमेकांपेक्षा स्लो हे कसं काय बुवा. भूमितीय मध्य दोन्हीकडून १ च येतो. यावर १९८६ मध्येच एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या कम्युनिकेशन्स नियतकालिकात लेख येऊन गेलाय आणि लोक अजून साधी सरासरी काढतात.

पण त्या एका आकड्यात एक दुप्पट स्लो झालेला बेंचमार्क पार लपून गेला हेही बघा. मॅनेजरला द्या, स्वतः बघू नका.

जुना खिळा

ग्राफबद्दल दोनच गोष्टी, मग मी थांबतो. वाय अक्ष आपोआप ताणणं बंद करा. ०.३% चा फरक अख्ख्या स्क्रीनभर डोंगरासारखा दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो, आणि दुसऱ्या बेंचमार्कमध्ये एक टिंब उंच गेलं की बाकी सगळं जमिनीला चिकटतं. मागच्या रिलीजच्या तुलनेत टक्के दाखवा आणि सगळ्या ग्राफना एकच मोजपट्टी द्या, झूम ज्याला हवा तो करेल.

दुसरं, एक्स अक्षावर तारीख नको, कमिटांचा क्रम हवा. ब्रँच महिनाभराने मर्ज झाली की तारखेप्रमाणे तिचे कमिट मागे जाऊन घुसतात आणि रेघ करवतीसारखी होते.

सूक्ष्मदर्शी

आणि लिंक! आत्ता जे दिसतंय, तोच बेंचमार्क, तीच रेंज, तेच मशीन, ते सगळं युआरएलमध्ये उतरलं पाहिजे. बगमध्ये "ग्राफ बघा" लिहायचं आणि समोरच्याने सहा ड्रॉपडाउन निवडत बसायचं, याला काही अर्थ नाही.

रेषावेडा

आठवड्याने परत आलोय. बोलायला तोंड नाही पण सांगतो.

साक्षीदार लावला. वर्षापूर्वीचा रिलीज, गोठवलेला. त्याची रेघ नव्या कोडइतकीच नाचत होती! मग मशीनवाल्याला विचारलं तर म्हणाला दुसरं काहीच चालत नाही, मग म्हणाला हां, बॅकअप चालतो. किती वाजता? रात्री दोन वाजता. बेंचमार्क किती वाजता? रात्री दोन वाजता. दोन्ही क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) त्यानेच लावलेले, वेगवेगळ्या वर्षी, दोन वाजता कुणी जागं नसतं म्हणून.

बॅकअप सकाळवर ढकलला, टर्बो बंद केला, गव्हर्नर लॉक केला. साक्षीदार आता बऱ्यापैकी सपाट आहे. मेल थ्रेशोल्डवरून काढून चेंज पॉइंटवर टाकला, जुन्या सगळ्या डेटावर चालवून बघितलं तर ती तीन महिन्यांपूर्वीची पायरी बरोब्बर सापडली, आणि तिच्या आधीची आणखी एक, जिचा आम्हाला पत्ताच नव्हता. कच्चे आकडे साठवणं चालू केलंय.

आता भांडण वेगळंच सुरू झालंय. मेल कुणाला जावा? मी म्हटलं कमिट ज्याचा त्याला, तर एक जण रुसला, म्हणाला हे सगळ्यांसमोर कान धरून उभं केल्यासारखं वाटतं.

मांजरपाट

बॅकअप! 🙏 दंडवत घ्या.

मोझिलात (फायरफॉक्स ब्राउझरवाले) परफॉर्मन्स शेरिफ असतात, अलर्ट आधी त्यांच्याकडे जातो, ते खरा आहे का बघतात आणि मग संबंधित माणसाला बग टाकून विचारतात. तुम्ही पाच-सहाच आहात तर आठवड्याची पाळी लावा. आणि अलर्टवर "माहीत आहे, मुद्दाम केलंय" असं लिहून बंद करायची सोय द्या, ती टीप ग्राफवरच्या टिंबालाही चिकटू द्या. सुरक्षेसाठी एखादी तपासणी घातली आणि २% गेले तर ते गेलेच, पण सहा महिन्यांनी कुणीतरी तेच खणायला बसू नये.

रेषावेडा

पाळीची आयडिया पटली, आज मांडतो.

अजून एकच कोडं राहिलंय. ४० पैकी एका बेंचमार्कची रेघ आता दोन मजल्यांवर आहे, म्हणजे कधी वर कधी खाली, मध्ये काहीच नाही. कमिट तोच ठेवून परत चालवलं तरी कधी वरचा मजला कधी खालचा. साक्षीदारातही तसंच आहे. चेंज पॉइंटवाला त्यावर रोज नवी पायरी शोधून देतोय.

सूक्ष्मदर्शी

एकाच रनमधले वीस आकडे बघा. वीसच्या वीस एकाच मजल्यावर आहेत की मिसळलेत?

रेषावेडा

एका रनमधले सगळे एकाच मजल्यावर. पुढच्या रनला सगळे दुसऱ्या.

सूक्ष्मदर्शी

मग प्रोसेस सुरू होतानाच काहीतरी ठरतंय आणि शेवटपर्यंत तसंच राहतंय. हॅश टेबलचं सीड (त्याची मांडणी ठरवणारा सुरुवातीचा आकडा) दर वेळी रँडम आहे का? नाहीतर एएसएलआरमुळे (सुरक्षेसाठी दर वेळी मेमरीतले पत्ते बदलणं) बफर कुठे पडतो त्यावर असेल. सीड फिक्स करून दहा वेळा चालवा, एकच मजला राहिला तर चोर सापडला. पण मग ते सीड कायमचं फिक्स करून टाकू नका, तुम्ही निवडलेलं सीड नेमकं खालच्या मजल्याचं निघालं तर वरचा कधीच दिसणार नाही. वीस वेळा एकाच प्रोसेसमध्ये चालवण्यापेक्षा वीस वेगळ्या प्रोसेस सुरू करा, प्रत्येकीत एकदा, आणि मग वाटप दाखवा.

जुना खिळा

+१. आणि आत्ता त्या एका बेंचमार्कचा अलर्ट तात्पुरता बंद ठेवा, नाहीतर परत फिल्टर लागतील.

रेषावेडा

आत्ताच बंद केला. सीड छापायची ओळ टाकलीय, आज रात्री चालवतो.

दोन वाजता नाही, तीन वाजता.